ज्येष्ठांच्या अंगावरची खाज, पुरळ आणि रोजच्या गोळ्या

रामबागकर

नाना, म्हणजे माझे सासरे, ७८ वर्षांचे आहेत. मुक्काम इंदूर. गेल्या दिवाळीपासून त्यांच्या अंगाला खाज सुटते आहे. सुरुवातीला आम्ही ते थंडीवर ढकललं. माळव्यातली कोरडी हवा, त्यात त्यांना कढत पाण्याची आंघोळ लागते, कातडी पार शुष्क होते. खोबरेल लावलं, साबण बंद करून डाळीचं पीठ सुरू केलं. मग एका दवाखान्यात खरूज म्हणून लोशन दिलं, ते घरातल्या सगळ्यांनी लावलं. दुसऱ्या कोणालाही खाज नव्हती, पण सांगितलं म्हणून लावलं. त्यानंतर मेडिकलमधून एक ट्यूब आणली. ती लावली की दोन दिवस थांबतं, सोडली की दुप्पट उसळतं.

आता महिनाभरापासून मांड्यांवर, पोटावर लाल गांधी उठतात. पित्ताच्या गांधी संध्याकाळपर्यंत मावळतात, या तशा मावळत नाहीत, तिथेच राहतात. परवा मांडीच्या आतल्या बाजूला पाण्याने भरलेला टणक फोड दिसला. ताप नाही, तोंडात काही नाही. पण झोप पार गेली आहे. कधी कुरकुर न करणारा माणूस, तो आता भरल्या ताटावरून उठून खाजवायला लागतो. बघवत नाही.

चालू असलेलं सांगते: बीपीची गोळी, शुगरच्या दोन, कोलेस्टेरॉलची, रक्त पातळ करायची, प्रोस्टेटची, गुडघे दुखले की दुखण्याची, शिवाय रात्री एक चूर्ण. औषधांनी असं होतं का, म्हणून एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सगळी जुनी औषधं आहेत, बाधायचं असतं तर तेव्हाच बाधलं असतं. घरातही सगळ्यांचं हेच मत. मला ते पटत नाही, पण उत्तर देता येत नाही. ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांचं असं काही पाहिलं असेल त्यांनी कृपया लिहा.

पंचाहत्तरी

सूनबाई, माझीही पंचाहत्तरी झाली आहे, म्हणून अधिकाराने लिहितो. एवढी औषधं पोटात गेल्यावर उष्णता कुठून तरी बाहेर पडणारच. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ घाला, सकाळी आमसुलाचं पाणी द्या. आणि सगळ्या गोळ्या आठ-पंधरा दिवस बंद ठेवून बघा. कोणती बाधते ते आपोआप कळेल.

दवाबाजार

काका, तुमचा मान राखून सांगतो, सगळ्या गोळ्या एकदम बंद करायचा सल्ला कृपया मागे घ्या. रामबागकर यांनी रक्त पातळ करायची गोळी लिहिली आहे. नानांना स्टेंट बसवलेला असेल तर ती आपल्या मनाने थांबवणं म्हणजे हार्ट अटॅकला बोलावणं. बीपीच्याही काही गोळ्या अशा आहेत की अचानक सोडल्या तर दाब एकदम उसळतो.

मी इंदूरच्या औषधाच्या धंद्यात आहे, दुकान दवा बाजारात. ताई, "बीपीची गोळी, शुगरची गोळी" एवढ्यावरून काहीच कळत नाही. पट्टीच्या मागे मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते इथे लिहा. एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, आणि कंपन्या नावाच्या शेवटी नुसतं एक अक्षर जोडतात. बीपीच्या गोळीला "एच" लागलं की बहुधा त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, "एएम" लागलं की अ‍ॅम्लोडिपिन, शुगरच्या गोळीला "एम" लागलं की मेटफॉर्मिन. घरच्यांना वाटतं गोळी तीच आहे, आणि आत एक औषध वाढलेलं असतं.

ट्यूबवरचे घटकही लिहा. आणि मुख्य म्हणजे, प्रत्येक औषध साधारण कधी सुरू झालं ते.

रामबागकर

पट्ट्या घेऊन बसले. चष्म्यानेही वाचवेना, मोबाइलवर फोटो मोठा करून वाचलं.

बीपीची टेल्मिसार्टन ४० अधिक हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५, बरीच वर्षं. शुगरची ग्लिमेपिराइड १, तीही जुनी. अ‍ॅटोर्वास्टॅटिन १० आणि अ‍ॅस्पिरिन ७५, स्टेंट बसवल्यापासून. प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन ०.४. अ‍ॅसिक्लोफेनॅक अधिक पॅरासिटामॉल, लागेल तेव्हा. आणि शुगरची दुसरी गोळी, जिला आम्ही "मेटफॉर्मिन" म्हणत होतो, तिच्यात विल्डाग्लिप्टिन ५० आणि मेटफॉर्मिन ५०० आहे! जुनी चिठ्ठी शोधली. आधी नुसतं मेटफॉर्मिन होतं, गेल्या उन्हाळ्यात शुगर वाढली तेव्हा बदललं.

ट्यूबमध्ये क्लोबेटासोल, निओमायसिन आणि मायकोनाझोल. चूर्णावर घटक लिहिलेले नाहीत, ओळखीच्या एकांकडून पुडीत बांधून येतं.

चर्मवैद्य

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे निदान करणार नाही, रुग्ण पाहिल्याशिवाय ते करूही नये. पण तुमची पोस्ट वाचून एवढं नक्की सांगतो: नानांना या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या, नवा फोड आलेला असताना न्या, आणि तो फोडू नका.

आता "जुन्या गोळीने कसं होईल" या प्रश्नाकडे येतो. सगळा घोळ तिथेच आहे. औषधाची प्रतिक्रिया म्हणजे गोळी घेतली आणि तासाभरात गांधी उठल्या, एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. तशी प्रतिक्रिया असते, पित्त उठल्यासारखी, मिनिटांत किंवा काही तासांत. पण औषधाने येणारं, सगळ्यांत जास्त दिसणारं पुरळ, गोवरासारखे बारीक लाल ठिपके, आधी छातीपोटावर आणि मग हातापायांवर, हे नवं औषध सुरू केल्यावर साधारण ४ ते १४ दिवसांनी येतं. अँटिबायोटिकचा कोर्स संपलेला असतो आणि पुरळ त्यानंतर उगवतं, म्हणून संशय त्या औषधावर जातच नाही. तेच औषध पुन्हा दिलं तर मात्र एक-दोन दिवसांतही येऊ शकतं.

आणि काही प्रतिक्रियांना महिने लागतात. बुलस पेम्फिगॉइड नावाचा आजार आहे, बहुतेक साठी-सत्तरीनंतर होणारा. शरीराची प्रतिकारशक्ती कातडीच्या वरच्या थराला खालच्या थराशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांवरच उलटते. मग दोन थरांमध्ये पाणी साचतं आणि टणक, सहजी न फुटणारे फोड येतात. मांड्यांची आतली बाजू, काखा, पोट, हाताच्या घड्या या त्याच्या आवडत्या जागा. फोडांच्या आधी कित्येक आठवडे, कधी महिने, नुसती खाज किंवा न मावळणाऱ्या गांधी असतात. त्या काळात रुग्ण कोरडी कातडी, खरूज, अ‍ॅलर्जी अशा नावांखाली हिंडत राहतो. हा आजार औषधाविनाही होतो. पार्किन्सन, पक्षाघात, स्मृतिभ्रंश असलेल्यांत जास्त दिसतो. पण मधुमेहाच्या ग्लिप्टिन गटातल्या औषधांशी त्याचा संबंध बऱ्याच देशांतल्या नोंदींत दिसला आहे, आणि त्यात विल्डाग्लिप्टिन पुढे आहे. लिनाग्लिप्टिनही आहे. गोळी सुरू होऊन कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त गेल्यावर हे उद्भवतं. आपल्याकडे २०१९ च्या अखेरीस विल्डाग्लिप्टिनचं पेटंट संपलं, किंमत उतरली, आणि आज ती घरोघरी आहे.

म्हणून विल्डाग्लिप्टिनची तारीख पहिल्या भेटीतच डॉक्टरांना सांगा. बदलायची की नाही हे त्वचातज्ज्ञ आणि शुगरचे डॉक्टर मिळून ठरवतील, नुसती थांबवली तर शुगर चढेल. ट्यूब तूर्त बंद ठेवा आणि ती लावत होतात हेही सांगा. क्लोबेटासोल हे फार जोरदार स्टेरॉइड आहे. पेम्फिगॉइडवर आम्ही स्वतः वापरतो, पण निदान झाल्यावर, मोजून. निदानाआधी वाटेल तसं लावलं की खरं रूप झाकलं जातं. निओमायसिनने तर काही लोकांना वेगळीच अ‍ॅलर्जी होते.

माहेरइंदूर

रामबागकर, तुमचं वाचून पोटात गोळा आला. मी पुण्याला असते, आईबाबा सुदामा नगरात दोघंच. बाबांना तीन वेगवेगळ्या डॉक्टरांची औषधं आहेत, आणि तिघांपैकी एकालाही उरलेल्या दोघांचं काय चालू आहे ते माहीत नसावं अशी मला भीती आहे. आज रात्रीच व्हिडिओ कॉल करून सगळ्या पट्ट्या पलंगावर मांडायला सांगते.

एक प्रश्न. मागच्या महिन्यात बाबांनी फुल बॉडी चेकअप केलं, त्यात युरिक अ‍ॅसिड ७.८ आलं. सांधे सुजलेले नाहीत, बोटाला काही नाही, तरी कोणीतरी ते उतरवायला अ‍ॅलोप्युरिनॉल ३०० सुरू केलं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही थोडं जास्त आहे. याचा कातडीशी संबंध येतो का?

चर्मवैद्य

येतो, आणि तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. कातडीच्या गंभीर प्रतिक्रियांसाठी ज्या औषधांची नावं आम्हाला पाठ असतात त्यात अ‍ॅलोप्युरिनॉल अगदी वर आहे. धोका मुख्यतः पहिल्या दोन-तीन महिन्यांत असतो. मूत्रपिंड मंद असेल, सुरुवातच मोठ्या डोसने केली असेल, तर तो वाढतो. म्हणूनच ते १०० किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आणखी सांभाळून. शिवाय गाउटचा, म्हणजे युरिक अ‍ॅसिडने सांधा सुजण्याचा, एकही झटका नसताना केवळ रिपोर्टमधला आकडा जास्त आहे म्हणून बहुतेकांना हे औषध लागत नाही. उद्याच बाबांच्या डॉक्टरांना फोन करून दोन गोष्टी विचारा: हे औषध खरंच हवं आहे का, आणि हवं असेल तर क्रिएटिनिन पाहता हा डोस बरोबर आहे का. मधल्या काळात अंगावर पुरळ, ताप किंवा चेहऱ्यावर सूज, यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. इथे मात्र उद्यावर ढकलायचं नाही.

लष्करची_लेक

मी ग्वाल्हेरची. अ‍ॅलोप्युरिनॉलचं वाचलं आणि लिहायला बसले, कारण आमच्या घरात हे दुसऱ्या औषधाने झालं.

माझ्या आत्याला चेहऱ्याच्या नसेचं दुखणं होतं. जेवताना, चूळ भरताना गालात वीज चमकल्यासारखी कळ यायची. त्यावर कार्बामाझेपिन सुरू केलं. कळ थांबली, आत्या खूश. तिसऱ्या आठवड्यात अंगात कणकण, घसा दुखतो, डोळे लाल. घरच्यांना वाटलं व्हायरल आहे. तापाची गोळी दिली, आणि ती गोळीही सुरूच. दोन दिवसांत ओठांवर फोड, तोंडाची आतली कातडी सोललेली, घोटभर पाणी गिळता येईना. छातीवर गडद लाल डाग. तिथे नुसता पदर लागला तरी ती कळवळायची. खाज नव्हती, दुखत होतं. हा फरक मी कधी विसरणार नाही.

हॉस्पिटलात भरती केलं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी रोज येऊन डोळे सांभाळले. आत्या वाचली. डोळे अजून कोरडे असतात, थेंब घालावे लागतात. हॉस्पिटलातून सोडताना स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असं लिहून दिलं. तिच्या पर्समध्ये आता कागद असतो: कार्बामाझेपिन नाही, फेनिटॉइन नाही, फेनोबार्बिटल नाही. एकाने झालं की त्याच्या भाईबंदांनीही होऊ शकतं, असं आम्हाला बजावून सांगितलं आहे.

चर्मवैद्य

लष्करची_लेक, तुम्ही जे लिहिलंत ते मी वर्गात शिकवताना वापरावं इतकं नेमकं आहे. स्टीव्हन्स आणि जॉन्सन यांनी हा आजार १९२२ मध्ये दोन मुलांमध्ये नोंदवला, पण म्हाताऱ्या माणसांना तो जास्त भारी पडतो. औषध सुरू झाल्यापासून साधारण ४ ते २८ दिवसांचा काळ जोखमीचा. शरीराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी कातडी सुटली असेल तर हे नाव देतात. ३० टक्क्यांच्या वर गेलं तर ते टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस, ज्याला भाजलेल्या रुग्णासारखी शुश्रूषा लागते. धोका किती हे मोजण्याची एक पद्धत आहे, तिच्यात वय ४० च्या वर, रक्तातली साखर वाढलेली, युरिया वाढलेलं, प्रत्येकाला एकेक गुण. आपल्या घरातल्या आजी-आजोबांचे यातले दोन-तीन गुण आजारी पडण्याआधीच भरलेले असतात.

सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. कातडीला खाज नसून आग किंवा वेदना, तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी फोड वा सोलवटणं, पुरळासोबत ताप, गडद जांभळट डाग, कातडी चोळली की निघणं, चेहरा सुजणं, मानेत-काखेत गाठी, डोळे पिवळे होणं. यातलं काहीही असेल तर थेट मोठ्या हॉस्पिटलात, रात्र असली तरी. इंदूरला एमवाय हे सरकारी हॉस्पिटल चोवीस तास उघडं आहे. चेहऱ्याची सूज, ताप आणि गाठी हा जो प्रकार आहे तो औषध सुरू झाल्यावर २ ते ८ आठवड्यांनीही येतो आणि आतून यकृत-मूत्रपिंडाला धरतो. म्हणून रक्त तपासल्याशिवाय नुसतं मलम देऊन घरी पाठवणं चालत नाही.

पंचाहत्तरी

वाचतो आहे. ग्वाल्हेरच्या ताईंच्या आत्याचं वाचून वाईट वाटलं. पण डॉक्टरसाहेब, कडुलिंबात काय वाईट आहे? आमच्या आईने सगळ्या घराची कातडी त्यावर सांभाळली.

चर्मवैद्य

काका, धडधाकट कातडीवर कोमट कडुलिंबाच्या पाण्याने कोणाचं काही बिघडत नाही. पण सत्तरीच्या पुढची कातडी पातळ होते, तिच्यातलं तेल कमी होतं. कढत पाणी, पाला घासणं, डाळीचं पीठ, यांनी ती आणखी सुकते. फोड असेल तिथे तर मुळीच नको. आंघोळ कोमट पाण्याची, थोडक्यात. अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच साधं पेट्रोलियम जेली किंवा लिक्विड पॅराफिन लावायचं. नुसत्या कोरडेपणाची खाज एवढ्याने पुष्कळ उतरते. यानेही उतरली नाही तर मग दुसरं कारण शोधायला लागायचं, आणि त्या शोधात गोळ्यांची यादी पहिली.

आणखी एक. खाजेसाठी मेडिकलमधून झोप आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी आणून आजोबांना देऊ नका. क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन यांनी या वयात गुंगी येते, माणूस भ्रमल्यासारखं बोलतो, रात्री उठताना पडतो. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडते. नानांना टॅम्सुलोसिन चालू आहेच.

सकाळचा_फेरफटका

आमच्या आईला फक्त चेहरा, गळ्याचा पुढचा भाग आणि हाताच्या पाठी यांवरच लाल चट्टे यायचे. ब्लाउजच्या बाहीची रेघ कातडीवर अशी उमटलेली की बाहीखाली कातडी स्वच्छ. रोज पिपल्यापाला पार्कात फिरायला जायची, उन्हं वर आल्यावर परतायची. बीपीच्या गोळीतल्या त्याच हायड्रोक्लोरोथायझाइडमुळे ऊन बाधत होतं. डॉक्टरांनी ते औषध बदललं, फिरायची वेळ पहाटेची केली. आता नीट आहे.

मांडवी_बडोदा

बडोद्याहून लिहितो. दोन अनुभव, दोन्ही घरातले.

वडिलांना बीपीसाठी रामिप्रिल पाच-सहा वर्षं चालू होतं. कधी काही नाही. एका सकाळी खालचा ओठ सुजला, दुपारपर्यंत उतरला. मधमाशी चावली असेल म्हणून सोडून दिलं. काही महिन्यांनी पुन्हा ओठ, आणि या वेळी जीभही, बोलणं घोगरं झालं. तेव्हा तातडीने नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, बीपीला कोणती गोळी? "प्रिल" ऐकल्याबरोबर ती कायमची बंद. समजावलं ते असं: या गोळीमुळे शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ साचतो, सूज त्याची आहे. ही नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हे, म्हणून अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनांनी ती धड उतरतही नाही. आणि वर्षानुवर्षं गोळी सोसलेल्या माणसालाही होते. रामबागकर, तुमच्या घरच्यांना हे वाचून दाखवा.

दुसरा अनुभव आईचा. तिच्या खालच्या ओठावर आणि मनगटावर काळपट गोल डाग. दर वेळी जुलाब झाले की डाग लाल होऊन चुरचुरायचे, मग पुन्हा काळे पडायचे. आम्ही समजायचो पोटाचा आणि डागांचा संबंध आहे.

दवाबाजार

संबंध पोटाचा नव्हता, जुलाबाच्या गोळीचा असणार. ओफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी लोक चिठ्ठीशिवाय मागतात, आणि दुकानदारही देतात. नॉरफ्लोक्सासिन-टिनिडाझोल तसंच. यांतल्या फ्लोक्सासिन आणि निडाझोल या दोन्ही गटांनी, शिवाय सल्फा औषधांनी आणि दुखण्याच्या काही गोळ्यांनी, ठरलेल्या जागीच डाग उठतो. गोळी घेतली की त्याच जागी, पुढच्या वेळी त्याच जागी आणि आणखी एखाद्या नव्या. कातडीच्या डॉक्टरांकडून नक्की करून घ्या आणि त्या घटकाचं नाव आईच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहा. ब्रँडचं नाव लिहून उपयोग नाही. तोच घटक कितीतरी नावांनी विकला जातो, जनऔषधीत गेलात तर आणखी वेगळं पाकीट मिळेल.

आणि सगळ्यांना हात जोडून विनंती. पट्टी कापून घेतलीत तर नाव असलेला तुकडा मागून घ्या आणि शेवटपर्यंत जपा. म्हातारी माणसं सोयीसाठी गोळ्या डबीत काढून पट्टी फेकतात. मग काही झालं की हातात फक्त "पांढरी गोल गोळी" उरते. पुडीतल्या चूर्णाबद्दलही बोलतो, कारण ताईंनी लिहिलं आहे. घटक न लिहिलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा दुखण्याचं औषध मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. ज्या औषधावर काय आहे ते लिहिलेलं नाही ते मधुमेही माणसाच्या पोटात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. चर्मवैद्य, तुम्ही लिहिल्याप्रमाणे नानांना नेलं. पट्ट्यांची पिशवी आणि तारखांचा कागद सोबत. डॉक्टरांनी कागद बघितला आणि पाच मिनिटं काही न बोलता तोच वाचत बसले. कातडीचे दोन तुकडे घेतले, एक नेहमीच्या तपासणीला, दुसरा वेगळ्या द्रवात घालून खास चाचणीला. निदान बुलस पेम्फिगॉइड.

विल्डाग्लिप्टिन थांबवून शुगरचे डॉक्टर दुसऱ्या औषधावर आले आहेत. अंगभर लावायला स्टेरॉइड मलम, पोटातून डॉक्सिसायक्लिन. पोटातून स्टेरॉइड शुगरमुळे टाळता आलं तर टाळू म्हणाले. चूर्ण बंद. गोळी बंद केली म्हणजे आजार लगेच जाईल असं नाही, फोड येत राहतील, महिनोन्महिने लक्ष ठेवावं लागेल, हेही स्पष्ट सांगितलं. गोळीनेच झालं की तसंही झालं असतं, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही म्हणाले, पण संशय पक्का आहे. नवे फोड कमी झाले आहेत आणि नाना रात्री झोपतात. माझ्यासाठी एवढंही खूप आहे.

याची कुठे नोंद होते का? कोणाला दोष द्यायचा नाही, पण दुसऱ्या घरांना आधी कळावं असं फार वाटतं.

चर्मवैद्य

होते, आणि तुम्ही जरूर करा. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला, इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी चालू असतो. रुग्णांनी भरायचा फॉर्म मराठीतही आहे. खात्री लागत नाही, संशय पुरतो: रुग्णाचं वय, काय झालं, कोणतं औषध, कधी सुरू, कधी बंद. तुमचा तारखांचा कागद आहेच. तुमच्या डॉक्टरांनाही नोंद करायला सांगा, त्यांचा फॉर्म वेगळा असतो आणि त्यात बायोप्सीचा, म्हणजे कातडीच्या तुकड्यांच्या तपासणीचा, तपशील येतो.

माहेरइंदूर

बाबांचं अ‍ॅलोप्युरिनॉल डॉक्टरांनी थांबवलं. गरज नव्हती म्हणाले, पाणी पुरेसं पिणं आणि खाण्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. पलंगावर पट्ट्या मांडल्या तेव्हा आईने स्वतःचे काचबिंदूचे थेंब मांडलेच नाहीत, "ते काय औषध आहे का" म्हणाली. तिच्या पापण्या महिनाभर लाल, खवलेदार आहेत.

चर्मवैद्य

थेंब हे औषधच. त्यात ब्रिमोनिडिन असेल तर पापण्यांची अ‍ॅलर्जी ही त्याची ओळखीची तक्रार आहे, सुरू होऊन काही महिन्यांनीसुद्धा येते. डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. पण थेंब त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका, डोळ्यातला दाब वाढला तर गेलेली नजर परत येत नाही. यादीत थेंब, मलम, दुखण्याचा बाम, इन्हेलर, इंजेक्शन, सगळं धरायचं.

पंचाहत्तरी

नातवाला बसवून मीही यादी केली. पट्टीमागचं वाचून लिहितो आहे. टेल्मिसार्टन ४० अधिक अ‍ॅम्लोडिपिन ५. मेटोप्रोलॉल २५. अ‍ॅम्लोडिपिन ५. रोसुव्हास्टॅटिन १०. पँटोप्रॅझोल ४०. पायांवर, घोट्यांशी सूज असते आणि नडग्यांवर लाल-तपकिरी डाग, कातडी ताणून खाजते. दवाबाजार, यात काही गैर दिसतं का?

दवाबाजार

काका, तुमच्या यादीत अ‍ॅम्लोडिपिन दोनदा आहे. एकदा जोडगोळीत, एकदा सुटं, म्हणजे रोज १०. एखाद्या डॉक्टरांनी मुद्दाम तेवढं दिलेलंही असू शकतं. पण बऱ्याचदा असं होतं की जोडगोळी सुरू करताना जुनी सुटी गोळी बंद करायची असते आणि ती तशीच चालू राहते. घोट्यांची सूज हा अ‍ॅम्लोडिपिनचा नेहमीचा परिणाम आहे, डोस वाढला की जास्त. सूज जुनी झाली की नडग्यांची कातडी अशीच ताणते आणि खाजते. पाय सुजायला हृदय, मूत्रपिंड, शिरा अशी दुसरी कारणंही असतात, ती डॉक्टर बघतील.

काही बंद करू नका. उद्या सकाळी दोन्ही पट्ट्या हातात घेऊन डॉक्टरांकडे जा आणि दोन्हींवर आलेलं हे एकच नाव बोट ठेवून दाखवा. जाण्याआधी घरी बीपी मोजून आकडा लिहून न्या. मेटोप्रोलॉलची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका, अचानक सोडू नयेत अशा गोळ्यांपैकीच ती आहे.